सोल्डर मारलं, आठ दिवस चाललं, पुन्हा बंद: वारंवार होणाऱ्या ड्राय सोल्डरचा पक्का बंदोबस्त

बोर्ड बोटाने दाबून धरला की चालतो, सोडला की बंद. किंवा सकाळी थंड असताना सुरू होतो आणि अर्ध्या तासाने तापला की मान टाकतो. पेटीवर टपली मारली की पुन्हा जागा होतो. सोल्डरिंग आयर्न टेकवून सोल्डर गरम करून घेतलं की आठ-पंधरा दिवस सुरळीत, मग परत तेच. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतले पंपाचे ऑटो स्विच, घरचे इन्व्हर्टर, जुने ॲम्प्लिफायर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सगळीकडे दुखणं एकच. दुकानात त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात आणि उपायही ठरलेला असतो: थोडी वायर लावून परत गरम करा. हा उपायच दुखणं परत आणतो. बिघडलेला जोड नुसता वितळवून बरा होत नाही. जुनं सोल्डर पूर्ण काढून, कंपोनंटचा पाय साफ करून, नव्याने जोड करावा लागतो. आणि जोड मुळात कशामुळे तुटला ते न शोधता नवा केला, तर तोही तुटतो.

आधी बोर्डाची जात ओळखा

कंपोनंटच्या पायाभोवती बोर्डाच्या वरच्या बाजूलाही तांब्याची रिंग दिसते का ते बघा. दिसत नसेल आणि बोर्ड तपकिरी, कागद-फिनॉलिकचा असेल, तर तो एकतर्फी आहे. अशा बोर्डात भोकाच्या आत तांबं नसतं. पाय भोकातून नुसता आरपार गेलेला असतो आणि त्याला धरून ठेवतं ते खालच्या पॅडवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या रिंगवरचं, सोल्डरचं छोटंसं टोपण. सगळा ताण त्या टोपणावर. दोन्ही बाजूंना रिंग असेल तर भोकाला आतून तांब्याचा मुलामा आहे, सोल्डर भोकभर चढतं आणि पकड कितीतरी जास्त असते. नुसत्या रंगावर जाऊ नका, एकतर्फी बोर्डही हिरवे रंगवलेले असतात.

एकतर्फी बोर्डावर पायाभोवती गोल चीर पडते. तांबं दर अंश सेल्सियसला दशलक्षात सुमारे १७ भाग प्रसरतं. ग्लास-इपॉक्सीचा बोर्ड जाडीच्या दिशेने त्याच्या तीन-चार पट, म्हणजे साधारण ५० ते ७० भाग. प्रत्येक वेळी तापताना बोर्ड फुगतो, पाय तेवढा फुगत नाही, आणि मधलं सोल्डर ओढलं जातं. नाशिक भागात शेतातली पत्र्याची पॅनेल पेटी मे महिन्याच्या दुपारी हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि तीच पेटी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या खाली जाते. त्यात कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाची वीज जोडणारा मोठा स्विच, दर वेळी धाडकन बसतो, तो धक्का वेगळाच.

म्हणून सगळा बोर्ड शोधत बसू नका. आधी रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), ट्रान्सफॉर्मर, स्क्रू टर्मिनल, हीटसिंकवर बसवलेले रेग्युलेटर आणि मॉस्फेट, मोठे कपॅसिटर, २ वॅटच्या वरचे रेझिस्टर, एवढेच पाय तपासा. पाव वॅटच्या रेझिस्टरचा जोड आपणहून सुटलेला क्वचितच सापडतो.

हात लावण्याआधी

प्लग काढला म्हणजे बोर्ड निर्धोक झाला असं नाही. २३० व्होल्टचा पुरवठा सरळ रेक्टिफाय होतो, म्हणजे एसीचा डीसी होतो, तिथे मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि बराच वेळ राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायर लावून तयार ठेवा. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला तो ५ सेकंद धरा, ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला २५ सेकंद, आणि मग मीटरने मोजा. व्होल्टेज ५ च्या खाली आल्याशिवाय आयर्न हातात घेऊ नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत सर्रास दिसते. तीत ठिणगी उडते, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) जळतो, कधी कपॅसिटरही खराब होतो.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त ऑटो स्विचमध्ये तर १२ व्होल्टची बाजूही मेन्सला जोडलेलीच असते. तो बोर्ड पेटीतून बाहेर काढूनच काम करा. पेटीतल्या थ्री-फेज पुरवठ्यावर ‘जरा बघतो’ हा प्रकार नको.

चीर कशी सापडते

१० पट भिंग घ्या आणि टॉर्च वरून न धरता बोर्डाला जवळजवळ समांतर धरा. वरून पडलेल्या उजेडात चीर चकाकीत लपते, आडव्या उजेडात तिची काळी रेघ दिसते. पायाभोवती पूर्ण गोल रेघ असेल तर निदान झालंच. अर्धी रेघ असेल तरी तो जोड बाद समजा, उरलेलं अर्धं आज ना उद्या जाणार आहे. त्याआधी टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खालची बाजू धुवा. जुन्या फ्लक्सच्या (सोल्डर चिकटावं म्हणून लागणाऱ्या राळेच्या) पिवळ्या थराखाली काहीही दिसत नाही.

जोड सलग आहे का ते सांगणारं मीटरचं बीप इथे फसवतं. चिरलेल्या जोडात पाय सोल्डरला टेकलेला असतो, त्यामुळे मीटर खुशाल वाजतं. एक प्रोब कंपोनंटच्या पायावर वरच्या बाजूने आणि दुसरा त्याच ट्रॅकवर लांब कुठेतरी धरा, आणि टूथपिकने किंवा आइस्क्रीमच्या काडीने कंपोनंट हलवा. बीप तुटलं की जागा सापडली. प्रोब थेट त्या जोडावर दाबला तर तुम्हीच चीर मिटवता आणि बिघाड दिसेनासा होतो.

नुसतं गरम केल्याने का भागत नाही

भांड्याला कल्हई लावताना पाहिलं असेल. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, आणि मग कथील कापसाच्या बोळ्याने फिरवलं की आरशासारखं पसरतं. नवसागर टाकला नाही तर तेच कथील मण्यांसारखं घरंगळत राहतं. नवसागर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि कथिलाला खरं धातूचं अंग भेटतं. सोल्डर वायरच्या पोकळीतलं राळेचं फ्लक्स हेच काम करतं, पण एकदाच. वितळताना ते जळून, उडून जातं.

चिरलेल्या जोडात महिनोन्‌महिने हवा शिरलेली असते. पायावर ऑक्साइड, चिरेच्या दोन्ही अंगांवर ऑक्साइड, फ्लक्स शून्य. आयर्न टेकवल्यावर सोल्डर वितळतं, चीर वरून मिटल्यासारखी दिसते, पण पायाला ते चिकटत नाही, नुसतं वेढून बसतं. आठ दिवस चालतं ते या वेढ्यामुळे. भिंगातून बघितलं तर असं सोल्डर पायाजवळ आत वळलेलं दिसतं, कमळाच्या पानावरच्या थेंबासारखं. चांगला जोड पायावर चढत जातो आणि त्याची कड पातळ होत होत संपते.

कल्हईचं उदाहरण समजण्यापुरतंच ठेवा. नवसागर किंवा हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याच्या कामासाठी मिळणारी झिंक क्लोराइडची पेस्ट बोर्डाला कधीही लावू नका. सोल्डर झकास बसतं, त्यात शंका नाही. पण मागे राहिलेलं क्लोराइड पावसाळ्यात ओल धरतं आणि ट्रॅक हिरवा करून खाऊन टाकतं. एखाद्या बोर्डावर आधीच्या कारागिराने ही पेस्ट वापरलेली असेल तर जोडांभोवती हिरवट-पांढरी पूड दिसते. तो बोर्ड आधी कोमट पाण्याने, मग आयसोप्रोपिलने घासून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचं बघा. राळ आयसोप्रोपिलमध्ये विरघळते, क्लोराइड पाण्यात. नुसत्या एकाने काम होत नाही.

आयर्न, व्होल्टेज आणि वायर

२५ वॅटचं साधं, रेग्युलेटर नसलेलं आयर्न २३० व्होल्टला २५ वॅट देतं. वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात. गावाकडे संध्याकाळी पुरवठा २०० वर आला की तेच आयर्न १९ वॅटचं होतं, १९० ला १७ वॅटचं. मध्यरात्री २५० झाला की साडेएकोणतीस वॅट. म्हणजे संध्याकाळी केलेले जोड कच्चे राहतात आणि रात्री केलेल्यांचे पॅड उचकटतात, हात तोच असताना. वारंवार कच्चे जोड होत असतील तर आधी सॉकेटचं व्होल्टेज मोजा. कायमचा उपाय म्हणजे तापमान नियंत्रित स्टेशन. ९३६ या मॉडेलच्या धर्तीचं साधं स्टेशनही छंदाच्या कामाला पुरतं.

तापमान शिसं असलेल्या सोल्डरला ३२० ते ३५०, बिनशिशाच्या सोल्डरला ३५० ते ३८०. ४०० च्या वर नेऊन काम लवकर होतं हा गैरसमज आहे. फ्लक्स पाय साफ करण्याआधीच जळतं आणि बिट, म्हणजे आयर्नचं टोक, काळं पडतं. जोड तापत नसेल तर तापमान वाढवण्याआधी बिट बदला. सुईसारखं टोकदार बिट दिसायला नाजूक कामाचं वाटतं, पण त्याचा जोडाला स्पर्श होतो तो एका टिंबाएवढा, उष्णता जाणार कुठून? पाय असलेल्या कंपोनंटना २ ते २.५ मि.मी. रुंद, छिन्नीच्या आकाराचं बिट घ्या आणि त्याची सपाट बाजू पाय व पॅड दोघांना एकाच वेळी लावा.

काळं पडलेलं बिट सोल्डर धरत नाही आणि उष्णताही देत नाही. त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. आतलं तांबं झाकणारा लोखंडाचा पातळ मुलामा एकदा गेला की सोल्डर त्या तांब्याला पोखरून खड्डा पाडतं. (कानस चालायची ती जुन्या, उघड्या तांब्याच्या बिटांना. सवय तिथली आहे.) तापमान २५०-२८० वर आणा, पितळी तारेच्या घासणीत बिट खुपसा, लगेच भरपूर फ्लक्स असलेली वायर फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. पाच-सहा वेळा केल्यावर चकाकी येते. काम संपल्यावर बिटावर सोल्डरचा थेंब ठेवूनच आयर्न बंद करा. ओला स्पंज वापरत असाल तर तो पिळून घेतलेला हवा, आणि बोअरचं क्षाराचं पाणी त्याला नको.

वायरवर लिहिलेला पहिला आकडा कथिलाचा असतो. ६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. ही १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० जवळजवळ तशीच, १८३ ते सुमारे १९०. पण ४०/६० ची वायर १८३ ला मऊ होऊ लागते आणि पूर्ण द्रव व्हायला २३८ लागतात. मधल्या ५५ अंशांत ती चिखलासारखी असते. गोठताना त्या चिखलात पाय किंचित हलला तरी आतून दाणेदार, ठिसूळ जोड तयार होतो. स्वस्त रिळांवर काय छापलंय यावर भरवसा नको. फरशीच्या तुकड्यावर बिटावरचा एक थेंब सोडा आणि बघा. चांगल्या वायरीचा थेंब क्षणात गोठून चकचकीत राहतो, वाईट वायरीचा थेंब आधी मळकट होतो, मग थांबून गोठतो. छंदाच्या कामाला ०.८ मि.मी. जाडीची, राळेचं फ्लक्स भरलेली ६३/३७ पुरे. नाशिकच्या एमजी रोडच्या दुकानांत वायर घेताना गेज आणि प्रमाण दोन्ही तोंडाने सांगा, नुसतं ‘सोल्डर वायर द्या’ म्हटलं तर जी समोर असेल ती हातात पडते.

युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आलं. त्यानंतरच्या बहुतेक कंपनी-बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं, २१७ ते २२७ अंशांना वितळणारं. ते मूळचंच मळकट दिसतं, त्यामुळे ‘चकाकी नाही म्हणजे ड्राय’ हा जुना नियम तिथे लावू नका. कडा बघा, रंग नको.

जोड नव्याने करण्याची रीत

१. जुन्या जोडावर राळेचं फ्लक्स लावा आणि आधी नवी ६३/३७ वायर घाला, जुन्या सोल्डरइतकीच. काढायचं असताना घालायचं, हे विचित्र वाटतं. पण नव्या सोल्डरबरोबर नवं फ्लक्स जातं, दोन्ही मिश्रणं मिसळून वितळण्याचं तापमान उतरतं, आणि जास्त सोल्डर उष्णता खोलवर नेतं. सकरने, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने, अर्धवट निघालेलं, भोकाच्या कडेला चिकटून राहिलेलं सोल्डर बहुतेक वेळा ही पायरी गाळल्यामुळेच राहतं.

२. सकर दाबून तयार ठेवा. बिट जोडावर २ सेकंद, सोल्डर पूर्ण द्रव झालं की बिट न उचलता सकरचं तोंड शेजारून टेकवा आणि बटण दाबा. बिट उचलून मग सकर लावला तर मधल्या अर्ध्या सेकंदात सोल्डर गोठतं. तोंडावर १ सें.मी. सिलिकॉनची नळी चढवली तर ती जोडावर घट्ट बसते आणि खेच दुप्पट वाटते. सकर दर वीस-तीस जोडांनी उघडून साफ करा, आतल्या रबर रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. खेच कमी झालेल्या सकरमुळे तोच जोड पाच वेळा तापवला जातो आणि पॅड जातो. एका जोडाला तीन प्रयत्न. तेवढ्यात निघालं नाही तर बोर्ड थंड होऊ द्या आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.

३. उरलेलं सोल्डर विकने, म्हणजे तांब्याच्या वेणीने. पॅडच्या रुंदीची, २ ते २.५ मि.मी. ची वेणी. तिला फ्लक्स लावलेलं असलं तरी आणखी लावा, दुकानात पडून राहिलेल्या वेणीचं तांबं काळवंडलेलं असतं आणि ती सोल्डर पितच नाही. वेणी पॅडवर, बिट वेणीवर, २ ते ३ सेकंद, आणि मग दोन्ही एकदम उचला. बिट आधी उचललं तर वेणी पॅडला चिकटते आणि ओढली की पॅड घेऊन येते. वेणी घासूही नका. भरलेलं टोक कापून टाका, ते उष्णता खातं.

४. आयसोप्रोपिल आणि ब्रशने धुवा. पाय ब्लेडच्या पाठीने चारही बाजूंनी हलके खरवडा, धातूची चमक दिसेपर्यंत. सोन्याचा मुलामा असलेल्या पायाला खरवडू नका. मग फ्लक्स लावून पायावर आधी सोल्डरचा पातळ हात द्या. इथे सोल्डर पसरलं नाही तर जोड होणारच नाही, पुढे जाऊ नका. बरीच वर्षं पडून राहिलेल्या मालात रिलेच्या, ट्रान्सफॉर्मरच्या पायांवर हे हमखास होतं.

५. आता जोड. बिटाची सपाट बाजू पाय आणि पॅड दोघांना लावून १ सेकंद तापवा. वायर बिटाला नाही, समोरच्या बाजूने पायाच्या मुळाशी लावा. ०.८ ची वायर साध्या जोडाला ३ ते ४ मि.मी. पुरते, रिलेच्या जाड पायाला ८ ते १० मि.मी. वायर आधी काढा, बिट नंतर, आणि ३ सेकंद काहीही हलवू नका. फुंकर नको, डोक्यावरचा पंखाही बंद. बिट टेकवण्याचा एकूण वेळ ३ सेकंद, मोठ्या जोडाला ५. त्यात वितळलं नाही तर थांबा, दोष बिटात किंवा उष्णतेत आहे.

एकतर्फी बोर्डावर चीर पडलेल्या जड कंपोनंटला एवढंही पुरत नाही. पॅडपासून ६ ते ८ मि.मी. ट्रॅकवरचा हिरवा रंग खरवडा, ०.६ मि.मी. ची कल्हई केलेली तांब्याची तार पायाला एक वेढा देऊन त्या ट्रॅकवर आडवी टाका आणि सगळी सोल्डर करा. ताण मग टोपणावरून ट्रॅकभर पसरतो. शेतातल्या ऑटो स्विचच्या रिलेला हे केल्याशिवाय बोर्ड परत देऊ नये.

जोड चांगला, तरी पुन्हा सुटतो

इथे सोल्डरिंगचा दोष नसतो, बसवण्याचा असतो, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात.

हीटसिंकवरचा रेग्युलेटर आधी सोल्डर करून नंतर स्क्रू आवळला, तर आवळताना तो सरकतो आणि तीनही पाय ताणलेले राहतात. पुढे प्रत्येक तापण्यात तो ताण जोडावर येतो. क्रम उलटा हवा: आधी मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) आणि उष्णता वाहणाऱ्या पेस्टसह स्क्रू पूर्ण आवळायचा, मग सोल्डर. जुन्या बोर्डावर असा जोड पुन्हा करताना स्क्रू ढिला करून, जोड वितळवून, स्क्रू आवळून मगच सोल्डर बसवा.

स्क्रू टर्मिनलमध्ये वायर आवळताना संपूर्ण टर्मिनल पिळलं जातं आणि खालचे जोड चिरतात. दुसऱ्या हाताने टर्मिनल धरून आवळा. वायरच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबायची सवय तर सोडाच. सोल्डर सतत दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू काही आठवड्यांत ढिला पडतो, तिथे उष्णता होते, आणि ती उष्णता खालचा जोड कोरडा करते. टर्मिनल करपलेलं दिसलं तर कारण बहुधा हेच. तारेला दाबून बसवायची टोपी, म्हणजे फेरूल लावा, किंवा नुसते तारांचे पेड पिळून दाबा.

ट्रान्सफॉर्मर, मोठा कपॅसिटर हलत असेल तर बुडाशी सिलिकॉनचा आधार द्या, मात्र न्यूट्रल जातीचा. बाथरूमच्या फटींना भरतात तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि ते तांबं खातं. जड वायरी पेटीच्या अंगाला टायने बांधा, बोर्डावर लोंबकळत ठेवू नका.

भोकात सोल्डर अडकून बसलंय

दुहेरी बोर्डावरचा ग्राउंडचा पाय सकरला दाद देत नाही, कारण त्या भोकाला चारही बाजूंनी रुंद तांबं जोडलेलं असतं आणि बिटाची उष्णता तिकडे वाहून जाते. नाशिकच्या थंडीत, पहाटे बोर्ड गारठलेला असताना तर आणखी. ४५० अंशांचा आग्रह धरू नका. हॉट एअर गनने (गरम हवेच्या यंत्राने) बोर्डाची खालची बाजू मिनिट-दोन मिनिटं तापवून १०० अंशांच्या आसपास आणा, रुंद बिट घ्या, भरपूर नवं सोल्डर घाला आणि मग ओढा. हॉट एअर नसेल तर हेअर ड्रायरनेही काही फरक पडतो.

कंपोनंट निघाला आणि भोक बुजलेलं राहिलं, तर मेडिकलमधून स्टेनलेस स्टीलची नवी इंजेक्शनची सुई आणा. २१ गेजची सुई सुमारे ०.८ मि.मी. जाडीची असते. एका बाजूने बिट लावून सोल्डर वितळवा, दुसऱ्या बाजूने सुई सारा, बिट काढा, सुई फिरवत राहा. राळेच्या फ्लक्सवर सोल्डर स्टेनलेस स्टीलला धरत नाही, त्यामुळे सुई अलगद निघते आणि भोक मोकळं राहतं. टूथपिकनेही जमतं. ड्रिल मात्र फिरवू नका, आतला मुलामा खरवडून निघतो आणि वरचा-खालचा ट्रॅक तुटतो.

आयसी किंवा रिले मेलेलाच असेल तर अख्खा वाचवून काढण्याची हौस कशाला? पाय कटरने वरून कापा, अंग बाजूला करा आणि एकेक पाय चिमट्याने काढा. १० रुपयांच्या आयसीसाठी बोर्ड जाळण्यात अर्थ नाही.

एसएमडी, म्हणजे भोकाशिवाय थेट पॅडवर बसणारे, कंपोनंट काढायला बिस्मथ मिसळलेलं, १३८ अंशांना वितळणारं मिश्रण मिळतं. काम सुरेख होतं. पण ते पॅडवरून शेवटच्या कणापर्यंत विकने पुसा. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र आले की सुमारे ९६ अंशांना वितळणारं मिश्रण बनतं. गरम होणाऱ्या रेग्युलेटरखाली असा अंश राहिला तर कंपोनंट चालू बोर्डावर सुटतो, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

पॅड उचकटला तर

पॅड हा बोर्डाला नुसता चिकटवलेला असतो. जास्त उष्णता, जास्त वेळ, किंवा तापलेला असताना दिलेला जोर, यांतल्या एकानेही तो सुटतो. पूर्ण निघालेला पॅड फेव्हिक्विकने बसवू नका, पुढच्या उष्णतेत तो सुटतो आणि धूर डोळ्यांत जातो. पाय तसाच ठेवून त्या ट्रॅकवरच्या पुढच्या कंपोनंटपर्यंत जंपर टाका. सिग्नलला ३० गेजची इन्सुलेटेड वायर, रिलेच्या किंवा पुरवठ्याच्या ट्रॅकला किमान ०.५ चौरस मि.मी. जंपर इपॉक्सीच्या थेंबाने बोर्डाला धरून ठेवा. मेन्सचा जंपर कमी व्होल्टेजच्या ट्रॅकवरून ओढू नका, मग वळसा पडला तरी चालेल.

धूर शिशाचा नसतो, या तापमानाला शिसं उडत नाही. तो राळेचा असतो आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो, म्हणून खिडकीपाशी बसा आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवा, जोडावर वारा लागेल असा नको. शिसं पोटात जातं ते हातातून. टेबलावर चिवड्याची पुडी आणि सोल्डरचं रीळ शेजारी शेजारी नकोत, काम झालं की साबणाने हात.

परत बसवण्याआधीची तपासणी

बोर्ड धुऊन वाळवा. जोडांवर पुन्हा भिंग आणि आडवा टॉर्च फिरवा. बाहेर काढलेल्या कंपोनंटचे सगळे पाय बघा, सुटलेला एकच असला तरी शेजारचे त्याच वयाचे असतात. मग पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा आणि चालू असताना कोरड्या लाकडी काडीने कंपोनंटवर वरून टकटक करा, मेन्सच्या भागापासून हात लांब ठेवून. रिले दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा. प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून, पाय-ट्रॅकची बीप चाचणी कंपोनंट हलवत बोर्ड तापलेला असताना एकदा आणि थंड झाल्यावर पुन्हा घ्या. तापलेला आणि थंड, दोन्ही वेळी बीप अखंड राहिलं तरच पेटीत बसवा. पावसाळ्याआधी बसवत असाल तर खालच्या बाजूला कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या वार्निशचा, पातळ थर फवारा. रिलेची फट, टर्मिनल आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) आधी टेपने झाका, नाहीतर कोटिंग आत शिरून नवाच बिघाड होतो.